टिटवीची चाल

"दैवशाला, दळण ऱ्हाऊ दे बाजूला. आधी बोटाला काय झालंय ते सांग," सिताबाई म्हणाली.

दैवशालानं हात मागं घेतला. ज्वारी ओतायच्या पेटीच्या कडेवर तिचा डावा अंगठा मघापासून आपला आपणच चालला होता. मागं, मागं, खाली, पुन्हा मागं.

"काय न्हाय मावशी, मुंग्या आल्यात."

"मुंग्या आल्यावर माणूस हात झटकतंय. तू तर तबला शिकल्यावानी करायलीस."

आता हिला काय सांगायचं? पन्नाशीला टेकलेली, गावाचं पीठ दळणारी बाई दुपारी घरात बसून टीव्हीवर मारामारीचा गेम खेळते, हे बेंबळी गावात कळलं असतं तर पिठाआधी तिचीच चाळण झाली असती. दैवशाला नुसती हसली. तेवढ्यात थ्री फेज गेली आणि गिरणीचा पट्टा फडफडत थांबला. सिताबाई डबा तिथंच ठेवून कुरकुरत निघून गेली.

थ्री फेज गेली की गिरणी बंद, पण घरातली सिंगल फेज चालू असते. पंखा फिरतो, टीव्ही लागतो. नवरा बलभीम त्या वेळी शेतात असायचा. दैवशाला शटर अर्धं ओढून मागच्या घरात जायची, हातापायांवरचं पीठ धुवायची आणि मुलाला भेटायची.

मुलगा, कृष्णराज, जाऊन दोन वर्षं होत आली होती. पुण्याच्या एका कंपनीत लागला, तिथं डेंगी झाला आणि परत आला तो ॲम्ब्युलन्समधून. त्याचं गेमचं काळं खोकं घरीच होतं, टीव्हीला जोडलेलं. त्या गेममध्ये तो कायम एकच बाई घेऊन लढायचा. काटकुळी, लाल पट्टा बांधलेली, सगळ्यांत चपळ. तिचं इंग्रजी नाव घरात कुणाला म्हणता येईना, म्हणून त्यानं ते टिटवी करून टाकलं. धावत यायची, मध्येच थबकायची, पुन्हा धावायची. नाव शोभत होतं.

गेममध्ये सावली म्हणून एक प्रकार होता. आपण कसे खेळतो ते गेम बघत राहतो आणि अगदी आपल्यासारखी लढणारी एक सावली तयार करतो. मग आपण घरी नसलो तरी दुसऱ्याला तिच्याशी लढता येतं. 'मी नसताना माझ्या सावलीशी भांड,' असं बहिणीला, प्रतीक्षाला, सांगून तो पुण्याला गेला होता. तो वारल्यावर प्रतीक्षाला ते बघवेना. पण धाराशिवला कॉलेजच्या होस्टेलवर परत जाताना, आईच्या हट्टापायी, तिनं तिला खोकं चालू करायला शिकवलं.

पहिल्या दुपारी सावलीची टिटवी समोर आली आणि दैवशालाच्या अंगावर काटा आला. दैवशालाचा अंगठा हलायच्या आतच ती पुढं झेपावायची, जमिनीलगत सरकायची, डोक्यावरून पलीकडं जाऊन पाठीमागं उभी राहायची. कृष्णराज घरात असाच शिरायचा, दारात दिसला म्हणेपर्यंत चुलीपाशी. दैवशालाला भीती वाटली, खरोखरची वाटली. मेलेलं लेकरू समोर नाचताना बघून कुणाला वाटणार नाही? पण दुसऱ्या दिवशी थ्री फेज कधी जाते म्हणून ती घड्याळाकडं बघत होती.

नुसतं बघून मन भरेना, म्हणून ती शिकायला लागली. रिमोटवरचं मागचं बटण दोनदा दाबलं की टिटवी मागं सरकते, पण सरकून झाल्यावर क्षणभर अडकते आणि नेमका तिथंच मार बसतो. सरकता सरकता तिला खाली बसवलं तर ती अडकण मोडते आणि लगेच पुन्हा सरकता येतं. कृष्णराज हे इतकं झरझर करायचा की टिटवी पाण्यावरून गेल्यासारखी दिसायची. दैवशालाच्या अंगठ्याला घट्टा पडला. पोराला हात लावायचा तर पोराइतकं चपळ व्हायला हवं, एवढंच तिला कळत होतं.

सुरुवातीलाच प्रतीक्षा म्हणाली होती, "आई, गेममधी तू तुझं वेगळं नाव घाल आन् मग खेळ."

"त्याचं नाव काढून माझं घालू व्हय?"

"काढायचं न्हाय गं. शेजारी घालायचं."

"नगं. हाय ते ऱ्हाऊ दे."

गिरणीच्या पाटीवरही कृष्णराजचं नाव होतं आणि तिथंही तिनं कुणाला ब्रश लावू दिला नव्हता. प्रतीक्षानं ताणलं नाही. आई चार दिवस खेळेल आणि सोडून देईल, असं तिला वाटलं.

आईनं सोडलं नाही. उन्हाळा सरला, पावसाळा गेला, आणि एका दुपारी होस्टेलवर फोन वाजला.

"पतू, आज म्या त्याला हात लावला. लई दिवस नुसता पळायचा. आज घावला."

प्रतीक्षाला आनंद व्हायला हवा होता. पण दादा असा घावणारा नव्हताच.

शनिवारी ती बेंबळीला आली. दुपारी दोघी टीव्हीसमोर बसल्या. सावलीची टिटवी आली ती दबकतच. मागं सरकली, खाली बसली, पुन्हा सरकली, आणि भिंतीला टेकल्यावर तिथंच अंग चोरून बसून राहिली. डोक्यावरून झेप नाही, पाठीमागं जाणं नाही. प्रतीक्षानं आईच्या हाताकडं बघितलं, मग पडद्याकडं, मग पुन्हा हाताकडं.

"आई, आपण ज्या नावानं खेळतो ना, त्याच नावाच्या सावलीला गेम शिकवतो."

"मग?"

"तू दादाच्या नावानं खेळलीस. इतके महिने. सावली तुझं बघून शिकली."

दैवशालानं गेमचा रिमोट मांडीवर ठेवला. मग म्हणाली, "म्हंजी राहिला होता तेवढाबी म्याच पुसला."

"तुला कुठं ठाव होतं? मीबी नीट सांगितलं न्हाय."

"तू सांगितलं असतंस तरी म्या तेच केलं असतं. मला त्याच्याजवळ जायचं होतं." पदर तोंडाला लावून ती रडली, पोराला घरी आणलं त्या दिवशीसुद्धा तिला असं रडता आलं नव्हतं. प्रतीक्षा तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. दुसरं काय करणार?

मग प्रतीक्षानं आईला विचारून तिचं वेगळं नाव घातलं. आता सावली यापुढं बदलणार नव्हती. उरली होती तेवढी उरली होती.

"एकदा खेळ," ती म्हणाली. "बघू काय शिल्लक हाय."

दैवशाला नको नको म्हणत खेळली. सावली मागं सरकली, बसली, कोपऱ्यात गेली. "ही म्याच हाय," दैवशाला म्हणाली. एवढ्यात कोपऱ्यातून एक लाथ आली आणि दैवशालाची टिटवी आडवी झाली. सावली पुढं आली, पडलेलीच्या अंगावरून एका झेपेत पलीकडं गेली, वळली आणि दोन पावलं मागं सरून उभी राहिली.

दैवशालाचा अंगठा उठायच्या बटणाकडं गेला.

"थांब आई. उठू नकोस."

"का? पडल्यावर गेम थांबतोच की. दरवेळी थांबतो."

"गेम न्हाय थांबत. बाकीचे पडलेल्याला उठूच देत न्हाईत, वरून मारत्यात. दादाच थांबायचा. मला लहान समजतो म्हणून मी चिडायचे." प्रतीक्षानं पडद्यावरच्या सावलीकडं बोट केलं. "तुला कधी कुणाला पाडता आलं न्हाय ना आई. पडलेल्यापुढं तू काय करतीस, हे सावलीला दिसलंच न्हाय. म्हणून हे एवढं तुझ्या हातून पुसलं न्हाय."

दैवशाला पडद्याकडं बघत राहिली. इतके महिने ती पडली की घाईघाईनं उठत होती. त्यानं थांबावं आणि तिनं ते बघूच नये, असं रोज चाललं होतं.

तिनं दोन्ही अंगठे बटणांवरून काढले. टिटवी जमिनीवर पडून होती आणि तो समोर उभा होता. फेरीची वेळ संपली, तिच्या नावापुढं हार लागली, तोवर तो हलला नाही.

"परत लाव," दैवशाला म्हणाली.

प्रतीक्षानं लावलं. या वेळी दैवशालानं टिटवीला मागं सरकवलं नाही, खाली बसवलं नाही. हात न उचलता ती सरळ चालत त्याच्याकडं निघाली.