नवाबाची बदनामी

चष्मेवाल्याला आयुष्यात एक गोष्ट कधी जमली नाही, ती म्हणजे ‘मला माहीत नाही’ म्हणणं. त्यामुळे सलूनवाला मित्र सहज म्हणाला, “फायटर माशांची पिल्लं घरीही होतात म्हणे,” तेव्हा जन्मात मासा न पाळलेल्या या गृहस्थाने छातीठोकपणे सांगून टाकलं, “होतात की! दे तुझा नवाब. महिन्याभरात पिल्लं दाखवतो.”

नवाब म्हणजे सलूनच्या आरशासमोर बरणीत राहणारा निळा नर. शेपटीचा तोरा असा, की गिऱ्हाईक स्वतःचं तोंड सोडून त्यालाच बघत बसे. सलूनवाला एकटा माणूस. दुकान उघडल्यापासून तो नवाबाशी बोलायचा आणि नवाब बिचारा ऐकून घ्यायचा. तरी त्याने बरणी दिली, आणि वर “जप रे” म्हणाला.

चष्मेवाल्याने घरी टबात वीतभर पाणी भरलं, माशांच्या दुकानातून मादी आणली. नवाबाने तोंडाने बुडबुडे सोडून पाण्यावर फेसाचं घरटं केलं आणि दोन दिवसांत त्यात बारीक अंडी दिसू लागली. अंडी घातल्यावर मादीला बाहेर काढायचं, एवढं चष्मेवाल्याने वाचलं होतं, तेवढं त्याने केलं. पुढचं वाचायचा त्याला कंटाळा आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आपल्या चष्म्याच्या दुकानातलं भिंग घेऊन टबापाशी बसला. फेसातून एक अंडं निसटलं. ते तळाला जायच्या आत नवाबाने गपकन तोंडात घेतलं. मग दुसरं, मग तिसरं.

“अगं, खातोय! स्वतःची पोरं खातोय हलकट!”

“थांबा हो जरा,” बायको म्हणाली. “वर चाललाय तो. बघू या तर काय करतोय.”

“तुला काय कळतंय त्यातलं?” म्हणत त्याने जाळी घातली आणि नवाबाला उचलून बरणीत टाकलं.

अंडी मात्र निसटतच राहिली. एकेक करून सगळी तळाला गेली आणि दोन दिवसांत त्यांच्यावर पांढरी बुरशी धरली.

बरणी परत करताना सलूनमध्ये चार गिऱ्हाइकं होती. आपली फजिती झाली असं सांगायचं कसं? चष्मेवाल्याने तिखटमीठ लावून सांगितलं, “एक अंडं सोडलं नाही रे याने! मी धावलो, पण तोवर सगळं साफ.” लोक खो खो हसले. नवाबाचं तिथल्या तिथे ‘पोरखाऊ’ असं बारसं झालं. सलूनवाला हसला नाही. त्याने बरणी उचलली आणि मागच्या फळीवर, धुवायच्या टॉवेलांशेजारी ठेवून दिली.

आठवड्याने चष्मेवाला दुसरा नर घ्यायला माशांच्या दुकानात गेला. तिथल्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “अंडं तोंडात धरून वर जात होता का?”

“हो.”

“अहो, मग खात कुठे होता? पडलेली अंडी बाप उचलतो आणि परत फेसात नेऊन ठेवतो. पिल्लं पोहायला लागेपर्यंत हेच करत असतो. तुम्ही त्यालाच काढलंत!”

चष्मेवाल्याची कानशिलं तापली. भिंग त्याच्या हातात होतं आणि दिसलं होतं बायकोला. अंडी त्याने मारली होती आणि आळ घातला होता मुक्या जिवावर. गप्प बसलं तर कोणाला कळणार नव्हतं. दोन दिवस तो सलून टाळून पलीकडच्या फुटपाथने गेला, पण स्वतःची लाज काही टाळता येईना.

तिसऱ्या दिवशी तो खुर्चीत जाऊन बसला. अर्धे केस कापून झाले तरी तोंड उघडेना. शेवटी आरशात बघतच म्हणाला, “नवाबाने काही खाल्लं नव्हतं. पडलेली अंडी तो परत जागेवर ठेवत होता. मी त्याला काढलं म्हणून ती मेली. आणि वर इथे येऊन मी खोटं बोललो.”

कात्री थांबली. “म्हणजे खरा पोरखाऊ चष्मेवालाच!” बाकावरचा एक जण म्हणाला. हे होणार, हे चष्मेवाल्याने धरलंच होतं.

सलूनवाला मागे गेला. बरणी आणून त्याने आरशासमोर ठेवली. नवाब रोडावला होता. पाण्यावर, काचेच्या कडेला, चारपाच बुडबुडे होते.

“परत आल्यापासून रोज फेस करतोय,” सलूनवाला हळूच म्हणाला. “मला वाटलं, पोरं खाऊन आता नाटकं करतोय. मी रोज बोटाने पुसून टाकायचो रे.”

त्याने शिव्या घातल्या असत्या तर चष्मेवाल्याला सोसलं असतं. केस अर्धेच कापून झाले होते. पण खुर्चीतून उठायची आणि ‘उरलेले काप’ म्हणायची, दोन्हीची त्याला लाज वाटत होती.