टाळ्यांच्या आधीची नऊ मिनिटं

"आत्या, आता इथं नीट ऐक," अवधूत म्हणाला आणि त्यानं लॅपटॉपचा आवाज वाढवला.

मला ऐकायची गरज नव्हती. ती कॅसेट मीच भरलेली. आधी गिटार थांबतं. मग ड्रम एकटाच सुरू होतो, सात मात्रांचा, जरा लंगडत चालल्यासारखा. वीसेक सेकंद. मग खट् असा आवाज, आणि लगेच टाळ्या. टाळ्या म्हणजे किती, तर हॉल पडतो की काय असं वाटावं.

"इतक्या टाळ्या कशाला? ड्रमचा सोलो तर कुठंच नाही. टेप अडकली होती ना तेव्हा?"

"हो, अडकली होती," मी म्हणाले.

चव्वेचाळीस वर्षं मी हेच सांगत आले. खोटं बोलायचं तर थोडक्यात बोलावं, जिल्हा परिषदेत अठ्ठावीस वर्षं फायली सरकवून एवढं तरी शिकले.

अवधूत माझा भाचा, माझा भाऊ वेणीमाधव याचा मुलगा. माधव मागच्या वर्षी गेला. तरुणपणी त्यानं सोलापुरात चौघांचा बँड काढला होता, 'सात रस्ता' नावाचा. विलायतेत तेव्हा वीस-वीस मिनिटांची गाणी वाजवणारे बँड होते, शब्द थोडे आणि वाजवणं फार, ताल मध्येच बदलणार. तसलंच यांचं. अवधूत त्याला प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतो. आमची आई म्हणायची, हे गाणं संपतं कधी? माधव ऑर्गनवर, आणि ड्रमवर नबीसाब. नबीसाबचे वडील लग्नाच्या बँडात ताशा वाजवायचे, त्यामुळे ताल त्याच्या घरातच होता. पाच वर्षांत अकरा कार्यक्रम झाले. मग माधव बँकेत लागला, नबीसाब एसटीत ड्रायव्हर झाला, आणि खेळ संपला. उरली ती एक्क्याऐंशी सालच्या कॉलेजच्या हॉलमधली एक कॅसेट.

आता अवधूत तिचा लाइव्ह अल्बम करून इंटरनेटवर टाकणार होता. सोबत बँडचा इतिहास, चार पानी. साडेतीन पानं बापावर. नबीसाबवर एक ओळ: 'ड्रम्स: नबीसाब. पुढे एस. टी. चालक.' संपलं.

"पुण्यात एक मुलगा आहे. तो चार मिनिटांचा सोलो वाजवून देईल. तो या जागेवर बसवायचा, जोड कुणाला कळणारसुद्धा नाही. मोठमोठे बँडसुद्धा लाइव्ह अल्बम नंतर स्टुडिओत दुरुस्त करतात, आत्या."

"आणि नाव कुणाचं घालणार?"

"नबीसाबकाकांचंच की. त्यांना तेवढं तू विचारून ये. तुझं ऐकतील ते."

आधी नबीसाबचं स्वतःचं वाजवणं काढून घेतलं, आणि आता दुसऱ्याचं त्याच्या नावावर चिकटवायचं. पण हे भाच्याला सांगणार कसं?

खरं काय ते इथं सांगून टाकते. त्या दिवशी कार्यक्रमाआधी माधव मला म्हणाला होता, "लीले, टेप एकच आहे. ड्रम एकटा सुरू झाला की बंद कर आणि टाळ्या आल्या की परत चालू कर. शेवटचा ऑर्गन पुरा आला पाहिजे." मी बावीस वर्षांची. विंगेत टेपरेकॉर्डर घेऊन बसले होते, सांगितलं तसं बटण दाबलं. वाईटही वाटलं नाही. नुसता ड्रम म्हणजे बडवाबडवी, असंच मलाही वाटायचं. नंतर नबीसाब घाम पुसत आला आणि म्हणाला, "आमचं आलं का हो?" माधव माझ्याकडं बघायला लागला. मी म्हणाले, "टेप अडकली." बटण भावाच्या सांगण्यावरून दाबलं. हे वाक्य मात्र माझं होतं.

अवधूतशी बोलणं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी नबीसाबच्या गावाची, होटगीची बस धरली.

नबीसाब घरापुढच्या पत्र्याखाली बाजेवर बसला होता. सत्तरी ओलांडलेला, अंगानं अजून धिप्पाड, पण एकतीस वर्षं मैंदर्गीच्या रस्त्यावर गाडी मारून बोटं वाकडी झालेली. त्याची बायको मदिनाबी ट्रेमधून चहा आणि खारी घेऊन आली.

"या की लीलाताई. माधव गेल्यापास्नं हिकडं फिरकलाच न्हाय तुमी."

मी अवधूतचा बेत सांगितला. तो हसला.

"पोरगा बरा वाजिवतो का?"

"वाजवत असेल."

"मंग त्येचंच नाव घाला की. माजं कशापायी?"

आता नाही बोलले तर कधीच बोलणार नाही, हे मला कळलं. "नबीसाब, टेप अडकली नव्हती. मी बंद केली होती."

त्यानं खारी चहात बुडवली, खाल्ली. "म्हाईत हाय की."

मदिनाबी एकदा माझ्याकडं, एकदा त्याच्याकडं बघायला लागली.

"तुमच्या मशिनीला लाल दिवा हुता न्हवं? माज्या बरुबर समोर. म्या सुरू केलं आन् दिवा गेला. तुमचं बोटबी दिसलं."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"बोलून टेप भरनार हुती व्हय? सुरवातीला लई लागलं मनाला, खोटं कशाला सांगू. दोन म्हयनं तुमच्या घराकडं आलो न्हाय. मंग गेलं इसरून." त्यानं कप खाली ठेवला. "पर एक सांगू का? त्यो दिवा हुता तवर लई भ्या वाटायचं. चुकलं तर जलमभर ऱ्हानार. माधवनं चार मिन्टं दिलती. दिवा गेला आन् माजा हात सुटला. नऊ मिन्टं वाजिवलं, हॉलचं घड्याळ बघितलंय म्या. माधव डोळं वटारत हुता, म्या तिकडं बघतोय कशाला. तसं परत कदी जमलं न्हाय."

मला रडू आलं. सांगायला लाज कसली? विंगेत टाळ्यांची वाट बघताना मी घड्याळ पाहिलंच नव्हतं; चार मिनिटांची बडवाबडवी गेली, असं समजून मी आजवर मनाची समजूत घालत होते.

"मग त्या जागी काय घालायचं?" मी विचारलं.

"काय बी घालू नगा. टाळ्या हायत की."

मदिनाबी दाराला टेकली. "म्या तर कदी ऐकलंच न्हाय ह्यांचं. लगीन झालं तवा हे यष्टीत. नुसतं स्टेरिंग बडवायचे, आन् पाशिंजर वराडायचे. हाय का ते तुमच्याजवळ?"

अवधूतनं मोबाइलवर पाठवलं होतं. मी लावलं. नबीसाबनं डोळे मिटले. गिटार थांबलं, ड्रम सुरू झाला. पुढचा खट् यायच्या आत त्यानं हात वर केला.

"थांबवा."

मी थांबवलं. त्यानं कप बाजूला केले, स्टीलचा ट्रे उलटा करून मांडीवर घेतला, आणि टेप जिथं थांबली होती तिथून बोटांनी पुढं सुरू केलं. करंगळी पडतच नव्हती. एकदा चुकला, थांबला, मागं जाऊन परत धरलं. सात मात्रा मात्र सुटल्या नाहीत. मला संगीतातलं काही कळत नाही, पण त्या दिवशी मी ऐकलं. नऊ मिनिटं नसतील, चार-पाच असतील. शेवटी त्यानं ट्रेवर पालथा हात ठेवला. दम लागला होता.

"हां. लावा आता."

मी बटण दाबलं. हॉलभर टाळ्या सुरू झाल्या. शिट्ट्या आल्या, मागून कुणीतरी "नब्या" म्हणून ओरडलं. मदिनाबीनं तोंडाला पदर लावला. तो खाली मान घालून त्या टाळ्या ऐकत राहिला. मग माधवचा ऑर्गन सुरू झाला.

"बंद करा," नबीसाब म्हणाला. "फुडचं समद्यांनी ऐकलंय."

मी बंद केलं. मदिनाबीनं त्याच्या मांडीवरचा ट्रे उचलला, पदरानं पुसला आणि त्यात रिकामे कप ठेवले.