करवंटीच्या चोळीचा संशय

हसून घ्या, मित्रांनो. मला सवय आहे. मी एका नारळाच्या दोन करवंट्यांची चोळी आहे. वयाने जुनी, दोरीने दोनदा नवी आणि स्वभावाने संशयी. हा संशय जन्मजात नाही. लोक माझ्याविषयी जे जे चांगलं बोलले, ते ऐकून ऐकून तो आला आहे.

माझा जन्म प्रशांत महासागरातल्या रारोटोंगा बेटावर टिटिकावेका गावात, पोको आत्याच्या परसात झाला. ज्या नारळातून मी निघाले त्याचं खोबरं त्या सकाळी किसून पिळलं होतं आणि त्याच्या दुधात कच्ची मासळी मुरायला ठेवली होती. म्हणजे मी मुळात जेवणातून उरलेली वस्तू. आत्याने करवंट्या फुटक्या काचेने तासल्या, वाळूने घासल्या, तापवलेल्या खिळ्याने भोकं पाडली, झाडाच्या सालीची दोरी वळून ओवली आणि खोबरेल चोळचोळून मला असं चमकवलं की दारातली कोंबडी माझ्यात स्वतःला बघून दचकली.

"दोन्ही सारख्या नाहीत गं, आत्या," अकाइती म्हणाली. अकाइती ही आत्याची भाची. दिवसा विमानतळावर सामानाच्या पट्ट्यापाशी नोकरी आणि संध्याकाळी नाच.

"तू तरी कुठे दोन्हीकडून सारखी आहेस? घाल मुकाट्याने."

तेव्हापासून मी अकाइतीची.

नाचापूर्वी पाहुण्यांना माईकवरून सांगत की ही चोळी म्हणजे हजारो वर्षांची परंपरा. मी तेव्हा आठ महिन्यांची होते. आत्याचं म्हणणं निराळंच होतं. ती म्हणे, "आमच्या पणजीच्या पणजीला वर काही घालायची गरजच वाटत नव्हती. मग पाद्री आले, त्यांनी गळ्यापासून घोट्यापर्यंत झगा चढवला. मग हॉटेलं आली. त्यांना झगा नको होता आणि पाद्र्यांना पणजी नको होती. शेवटी नारळावर तडजोड झाली." खरं-खोटं आत्या जाणे. पण दोन परक्या पक्षांच्या तडजोडीतून आपला जन्म झाला, हे कळल्यावर कुणाच्याही मनात थोडी पाल चुकचुकणारच.

तालीम चर्चच्या सभागृहात होई. तांगीकाका मुख्य ढोलकरी. रविवारी तेच चर्चमध्ये वडीलधारे म्हणून पुढच्या बाकावर बसत आणि शेजाऱ्याच्या जांभया मोजत. तालमीत मात्र त्यांचा एकच घोष असे.

"कंबर सोड, खांदे नको सोडू! खांद्यांवर भरली वाटी ठेवलीय समज. सांडली की घरी जायचं!"

आमच्या बेटावर कंबरेची लाज कुणाला नाही. नव्या सभागृहाचं उद्घाटन असो की जुन्या पाद्र्याचा निरोप, कंबर हलतेच, आणि पांढऱ्या टोप्या घातलेल्या म्हाताऱ्या पुढच्या रांगेत बसून दाद देतात, "कंबर आहे का आगबोटीचं इंजिन गं!" पण खांदा हलला की त्याच म्हाताऱ्या तोंड वाकडं करतात. पोहायच्या कपड्यांत दुकानात शिरणारी बाई आणि नाचताना खांदे उडवणारी बाई, दोघींसाठी आमच्याकडे एकच "अगं बाई!" आहे. अकाइतीचे खांदे कधी हलले नाहीत. खाली तुफान चाललेलं असायचं आणि मी वर नांगरलेल्या होडीसारखी स्थिर. त्या दिवसांचा मला अभिमान आहे.

दर गुरुवारी आमचा संच समुद्राकाठच्या हॉटेलात नाचे. तिथे माझं भरपूर कौतुक झालं. जहाजातून आलेल्या एका टक्कल पडलेल्या गृहस्थांनी मला घालून फोटो काढला, तेव्हा त्यांची मंडळी हसून हसून बेजार झाली. अकाइती मला घालते तेव्हा कुणी हसत नाही. या दोन गोष्टींत फरक काय, ते मी अजून शोधते आहे.

नाचताना तिला बळ मिळत होतं का? मित्रांनो, मी तिच्या काळजाच्या अगदी जवळ होते, म्हणून खरं तेच सांगते. मिळत होतं. विमानतळावर ती "रांगेत या" म्हणून घसा फोडायची आणि कुणी ढुंकून बघत नसे. इथे तिने एक पाऊल सरकवलं की भरलं अंगण चिडीचूप. ते बळ खोटं नव्हतं. फक्त ते तिच्या मालकीचं होतं की भाड्याचं, एवढंच मला कळत नव्हतं.

मग ऑकलंडहून ब्रॉनविन आली. हॉटेलच्या कार्यक्रमांची नवी व्यवस्थापक. मनाने चांगली बाई. मला तिथेच धोका वाटला.

तिने सगळ्या नाचणाऱ्यांना गोल बसवलं. "बायांनो, तुम्ही काय घालायचं ते आजवर पुरुषांनी ठरवलं. ते आता बंद. शरीर तुमचं, निर्णय तुमचा. हे घ्या." आणि तिने पिशवीतून नव्या चोळ्या काढल्या. प्लॅस्टिकच्या, चकचकीत आणि माझ्या निम्म्या आकाराच्या.

"निर्णय आमचा म्हणालीस ना?" अकाइतीने विचारलं.

"अर्थात! लाल की सोनेरी?"

नव्या कार्यक्रमाचं नाव होतं 'मुक्ता'. त्यात खांदे हलवायचे होते, टेबलांमधून फिरायचं होतं आणि डोळ्यांत डोळे घालून हसायचं होतं. बदल्यात उत्तरार्ध अकाइतीचा. सामानाच्या पट्ट्यापाशी उभ्या उभ्या तिने कित्येक वर्षं मनात एक नाच रचला होता. समुद्रावर गेलेल्या माणसांची वाट न बघणाऱ्या बाईचा नाच. तो कुणी बघावा, हे तिचं एकच मागणं होतं आणि ब्रॉनविनने नेमकं तेच पुढे केलं.

गावातही चर्चच्या बायांची सभा भरली. नाचणाऱ्या मुलींनी गळाबंद पोलकी घालावीत, असा ठराव झाला. ठराव सांगायला अध्यक्षबाई आत्याच्या स्वयंपाकघरात आल्या. "आम्ही तुमच्या भल्यासाठीच सांगतो गं." आदल्या दिवशी ब्रॉनविन त्याच बाकावर बसून हेच वाक्य म्हणाली होती. दोघींनी आत्याने उकडलेले अळूचे कंद पोटभर खाल्ले. दोघी माझ्याकडे टक लावून बघत होत्या. अकाइतीला काय वाटतं, हे मात्र दोघींनी विचारलं नाही.

त्या गेल्यावर आत्या भांडी आपटत म्हणाली, "कातडं काय, सगळ्यांनाच असतं. कमी घाल, जास्त घाल, मला काय त्याचं. पण खांदे हलवायचे? तुझ्या आजीला वर काय सांगू?"

"आजीला सांग, उत्तरार्ध माझा आहे."

"आणि पूर्वार्ध कुणाचा गं?"

अकाइतीने स्कूटर काढली. तिने हॉटेलाशी घासाघीस केली. अंगावर मीच राहणार, प्लॅस्टिक नाही. खांदे फक्त एकदा. टेबलांमधून एकच फेरी, ती उत्तरार्धात. म्हणजे त्या सौद्यात मी वाचले आणि खांदे गेले. त्याचाही मला आनंदच झाला, हे मी लपवत नाही.

एक गोष्ट मात्र शेवटच्या तालमीत उघड झाली. आमच्याकडे एकटी बाई नाचत असली की नाच संपवणं तिच्या हातात असतं. तिने तळवा वर केला की ढोल थांबतो. मग ढोल वाजवणारा बाप असो की गावचा प्रमुख. ब्रॉनविन म्हणाली, "मागच्या टेबलांवरचे लोक चित्रण करत असतात गं. नाच मध्येच संपला तर त्यांचा विरस होतो. आपण एक लाल दिवा लावू. तो विझला की ढोल थांबवायचा."

अकाइतीने तांगीकाकांकडे बघितलं. काकांनी ढोलाची दोरी ताणायला घेतली. ती आधीच ताणलेली होती.

"हॉटेल त्यांचं आहे, पोरी," ते म्हणाले.

पहिल्या गुरुवारी अंगण खचाखच भरलं. पूर्वार्ध पार पडला. खांदे एकदा हलले. मी एकदा खुळखुळले आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. इतकी वर्षं स्थिर राहून मला एवढ्या टाळ्या मिळाल्या नव्हत्या.

मग तिचा नाच सुरू झाला. मित्रांनो, तो कसा होता ते मला सांगता येणार नाही, मी आतून बघत होते. एवढंच सांगते की वाढपी ताटं धरून जागच्या जागी उभे राहिले. टेबलांमधली फेरी आली. कडेच्या टेबलावर एक सभ्य दिसणारा माणूस होता, प्यालेलाही नव्हता. त्याने फुलदाणीतलं अनंताचं फूल उचललं आणि ते खोचण्यासाठी माझ्या दोरीत बोट घातलं. फूल खोचून झालं. बोट तिथेच राहिलं. शेजारच्यांनी फोन वर धरले.

अकाइतीने तळवा वर केला.

ढोल वाजत राहिला.

तिने तळवा पुन्हा वर केला. तांगीकाका दिव्याकडे बघत होते. दिवा लालच होता.

मग ती थांबली. आरडाओरडा नाही, रडणं नाही. नुसती उभी राहिली, खांद्यांवर भरली वाटी असल्यासारखी. आमच्या सभागृहाचं छप्पर वादळात उडालं तेव्हा मी तिथे होते. एका बाईला तालमीत कळा आल्या तेव्हाही होते. पण ढोल वाजतोय आणि नाचणारी उभी आहे, हे मी कधी पाहिलं नव्हतं. आधी लहान ढोल अडखळला. मग त्याच्या शेजारचा. तांगीकाका सगळ्यांत शेवटी थांबले आणि हातातल्या टिपऱ्यांकडे असे बघत राहिले, जणू त्या दुसऱ्या कुणाच्या असाव्यात.

मुंगी झटकावी तसं अकाइतीने ते बोट झटकलं आणि मुदपाकखान्यातून सरळ स्कूटरकडे गेली. अंगावर दुसरं काही न घेता, नुसत्या माझ्यानिशी भर गावातून घरी आली.

दुसऱ्या दिवशी ब्रॉनविन धावत आली. तिच्या डोळ्यांत खरोखरीचं पाणी होतं. "अकाइती, अंगावर काटा आला! बाईची ताकद म्हणजे काय, ते काल दिसलं. पाहुणे अजून तेच बोलतायत."

"आणि तो माणूस?"

"त्याने आपल्याला पाचपैकी पाच तारे दिलेत! ऐक, हे आपण दर गुरुवारी करायचं. फक्त जरा आधी, गोड वाढायच्या अगोदर. आणि फूल खोचणारा माणूस आपलाच ठेवू, म्हणजे तुला काळजी नको."

अकाइतीने विचारलं, "मी हात वर केला तर ढोल थांबेल?"

"दिवा विझला की थांबेल ना."

"मग राहू दे."

"पण तुझा उत्तरार्ध?"

"राहू दे म्हटलं ना."

त्याच आठवड्यात अध्यक्षबाई आल्या. पोरीला भर कार्यक्रमात शरम वाटली आणि ती थांबली, असा त्यांचा समज झाला होता. येत्या रविवारी तिने चर्चमध्ये उभं राहून चार शब्द सांगावेत, अशी त्यांची इच्छा होती. त्यांनाही "राहू द्या" मिळालं.

अशा रीतीने अकाइतीचा नाच गेला. संच हॉटेलातच राहिला. तांगीकाका अजून तिथे वाजवतात आणि रविवारी आमच्या दारात गुपचूप केळीचा घड ठेवून जातात. आत्या तो घड खाते, पण त्यांच्याशी बोलत नाही. हॉटेलच्या फलकावर त्या रात्रीचा फोटो आहे, गळ्यापासून कंबरेपर्यंतचा, आणि खाली मोठ्या अक्षरांत 'मुक्ता'. माझा इतका सुंदर फोटो दुसरा नाही. अकाइतीचं डोकं मात्र त्या कागदात मावलं नाही.

अलीकडे एका दुपारी मारेता आली. चांगली पंचविशीची, फळांच्या दुकानात काम करणारी, आता गुरुवारी अकाइतीच्या जागी नाचणारी. दारातच उभी राहून म्हणाली, "ताई, राग नको धरूस. एक विचारायचं होतं. तू थांबलीस तेव्हा मनात किती मोजलंस? मला दहापर्यंत मोजायला सांगितलंय."

अकाइती अळकंद सोलत होती. "मोजलं नव्हतं गं. ढोल कधी थांबतो ते बघत होते."

"आणि थांबलाच नसता तर?"

"तर अजून तिथेच उभी असते. घरी स्वयंपाकाला आत्या आहेच."

"हो, मीच एक रिकामी आहे," आत्या आतून म्हणाली.

मारेता हसली नाही. "मला कंटाळा येतो दहापर्यंत मोजायचा," ती म्हणाली. "लोक आठालाच टाळ्या वाजवतात."

अकाइतीने सुरी खाली ठेवली. खुंटीवरून मला काढलं आणि मारेताच्या हातात दिलं. मग परसात जाऊन बिस्किटांचा रिकामा डबा मांडीत घेतला आणि दोन काटक्यांनी वाजवायला लागली. मारेता मला घालून कोंबड्यांमध्ये नाचू लागली. चौथ्याच पावलाला तिने बिचकत तळवा वर केला. डबा थांबला. मारेताने डब्याकडे बघितलं. पुन्हा नाच, दोनच पावलं, पुन्हा तळवा. डबा थांबला. मग तिने तळवा वर करण्याचा सपाटाच लावला. कारण नसताना, मध्येच, हसता हसता, आणि दर वेळी डबा थांबला. त्या दुपारी नाच असा काही झालाच नाही. पण माझ्या आत काळीज इतकं जोरात वाजताना मी फार दिवसांनी ऐकलं.

गुरुवारी ती हॉटेलात गेली. पुढे काय झालं मला माहीत नाही, आणि चांगलंच झालं असेल असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

मित्रांनो, आता माझं मागणं ऐका. मला वर्षातून दोनदा खोबरेल लावा. दोरी कुजली तर नवी वळा. काचेच्या पेटीत ठेवून माझ्याखाली पाटी लावू नका. मी बाईला बळ देते असं कुणी सांगितलं, किंवा मी तिची अब्रू घालवते असं कुणी सांगितलं, तर दोघांकडेही जरा संशयाने बघा. मी करवंटी आहे. कुणी घातलं तर अंगावर बसते, काढलं तर खुंटीवर लटकते. वर करायला मला हात नाही. तिला आहे. तो वर गेला की थांबत जा.