मनालीची बॅट कशात न्यायची

भिवंडीजवळ वडप्याच्या गोडाऊनमध्ये जानू चोवीस वर्षं माल चढवत-उतरवत होता. खोक्याला हात लावला की आत काय असेल ते तो सांगायचा. काचेचा माल उचलताना बारीक कुरकुरतो, औषधं गच्च बसलेली असतात, कपड्याचा गठ्ठा हाताला मवाळ लागतो. त्यामुळे लेकीची क्रिकेटची बॅट विमानानं न्यायला कडक पेटी बरी की मऊ बॅग, हा प्रश्न घरात निघाला तेव्हा सगळ्यांनी त्याच्याकडेच पाहिलं. आणि मालाच्या बाबतीत आयुष्यात पहिल्यांदाच जानूची मती गुंग झाली.

मनाली भिवंडीच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होती. विद्यापीठाच्या मुलींच्या संघात यष्टिरक्षक म्हणून तिची निवड झाली होती आणि सामने होते गुवाहाटीला. परीक्षा आणि स्पर्धा यांच्यात दोनच दिवस मोकळे राहत होते, म्हणून संघ विमानानं जाणार होता. घरातलं कुणीही तोवर विमानात बसलं नव्हतं. तिची बॅट नवी होती. दीड महिना रोज लाकडी हातोडीनं ठोकून, जवसाचं तेल चोळून तिनं ती सामन्याजोगी केली होती. विमानात बॅट जवळ ठेवू देत नाहीत, ती सामानातच टाकावी लागते, हे कळल्यावर ती कशात भरायची याची ती ज्याला त्याला चौकशी करू लागली.

गावच्या क्रीडा मंडळानं तिला बॅग भेट द्यायचं ठरवलं. मंडळाचा सचिव कुणाल जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होता. तो कल्याणच्या दुकानातून दोन नग घेऊन आला. एक काळी, टणक कवचाची, कुलपाची लांब पेटी. दुसरी निळी, कापडी, पाठीवर घ्यायचे पट्टे असलेली. आवडेल ती ठेवा, नको ती रविवारी परत करायची आहे, असं सांगून तो गेला. दोन्ही बॅगा भिंतीला टेकून उभ्या राहिल्या आणि घरात पाय ठेवायला जागा उरली नाही.

मग ज्याला त्याला सुचू लागलं. कुणालचं मत पेटीला. गावची पोर विद्यापीठाकडून खेळायला चालली आहे, तिच्या हातात काही भारदस्त दिसायला हवं, असं त्याचं म्हणणं. संघातली मैत्रीण नीरजा हिनं स्वतः पेटीच घेतली होती. जानूची बायको शेवंता मऊ बॅगेच्या बाजूची. ती धुता येते, घडी करून माळ्यावर टाकता येते, पेटी ठेवायची कुठं, हा तिचा साधा सवाल. संघाच्या व्यवस्थापक आसावरी मॅडम फोनवर एवढंच म्हणाल्या, की माणशी पंधरा किलो, वर एक किलोही चालणार नाही.

जानू रोज कामावरून आला की दोन्हींसमोर बसायचा. पेटी दाबून बघायचा, बॅग चिमटीत धरून बघायचा. सकाळी त्याला पेटी पटायची, संध्याकाळी बॅग. कारण त्याला दोन्हींचं पुढं काय होतं ते ठाऊक होतं. टणक वस्तू दिसली की माणसं ती खाली घालतात, वर दहा खोकी रचतात, तिच्यावर बसून चहा पितात. मऊ वस्तू वर ठेवतात खरी, पण जागा कमी पडली की तीच लाथेनं आत कोंबतात. यातलं आपल्या मनालीच्या बॅटला कुठलं सोसेल?

शुक्रवारी त्याला एक कल्पना सुचली. मंडळाच्या दोन जुन्या बॅटी, दोन जुनी हेल्मेटं आणि पायाचे जुने पॅड त्यानं मागून आणले. एकेक बॅट, एकेक हेल्मेट आणि थोडे पॅड दोन्हींत सारखेच भरले. शनिवारी सकाळच्या शिफ्टला शेजारच्या सुमितच्या मोटरसायकलवरून दोन्ही बॅगा गोडाऊनला नेल्या. सुमित तिथं सुपरवायझर होता. त्याला जानूनं बेत सांगितला, बाकी कुणाला नाही. नाशिकची गाडी भरायची होती. इतर मालात दोन्ही बॅगा ठेवायच्या, गाडीत चढू द्यायच्या, मग उतरवून उघडून बघायच्या, असं ठरलं. सुमितला हसू आवरेना, पण तो हो म्हणाला.

माणसांची रांग लागली. एकाच्या हातातून दुसऱ्याच्या, दुसऱ्याच्या हातातून तिसऱ्याच्या. जानू मध्ये कुठंतरी उभा होता. नजर बॅगांवर ठेवायची हे त्यानं मनाशी घोकलं होतं. निळी बॅग गेली ती त्यानं नीट पाहिली. गाडीतल्या माणसानं ती वर ठेवली आणि पुढच्या खोक्यानं रेटून आत सरकवली. मग ड्रायव्हर घाईनं हॉर्न वाजवू लागला. हात भराभर चालू लागले. साबणाचं खोकं, तेलाचा डबा, पुन्हा साबण. धाडकन आवाज झाला तेव्हा जानूनं मान वळवली.

काळी पेटी सिमेंटच्या ओट्याच्या कडेवर पडली होती. पलीकडचा गडी पायातली चप्पल नीट करायला वाकला होता, आणि त्याच्या दिशेनं पेटी फेकणारे हात जानूचेच होते.

बॅगा उतरवून सुमितनं उघडल्या. पेटीला बाहेरून नुसता एक ओरखडा होता. पण आत हेल्मेटची लोखंडी जाळी बॅटच्या कडेवर आदळली होती आणि कडेला बोटभर चीर गेली होती. निळ्या बॅगेतली बॅट जशीच्या तशी होती, मात्र तिथल्या हेल्मेटची जाळी एका बाजूनं चेपली होती. सुमितनं विचारलं, मग ठरलं काय? जानू दोन्ही बॅटी शेजारी धरून बघू लागला. पेटी धड राहिली आणि बॅट फुटली, बॅग दबली आणि बॅट वाचली. पण पेटी फेकली होती आणि बॅग फेकली नव्हती, मग तुलना कशाची करायची?

दुपारी तो घरी आला तेव्हा मनाली दारात ग्लोव्हज उन्हात घालत होती. जानूनं तिला सगळं सांगितलं. चीर गेलेली बॅट तिच्या हातात दिली. ती बोट फिरवत बघत राहिली.

"फेकली कुणी?" तिनं विचारलं.

"मीच."

"मुद्दाम?"

"न्हाय गं. हातात कवा आली आन गेली कवा, मला कळलंच न्हाय. तुझी पेटी हाय म्हणून ठाऊक होतं, तरी फेकली."

मनाली रागावेल असं त्याला वाटलं होतं. ती रागावली नाही. बॅट त्याला परत देत म्हणाली, "मग विमानतळावरच्या माणसाला तर ठाऊकही नसणार, बाबा."

तेच जानूच्या मनात सकाळपासून घोळत होतं. इतकी वर्षं आपल्या हातातून कुणाकुणाचं काय काय गेलं असेल, हे त्यानं कधी मनात आणलं नव्हतं. माल म्हणजे माल. आता त्याला ना धड वाईट वाटत होतं, ना स्वतःची बाजू घेता येत होती. घाईत दुसरं कसं काम होणार, असंही वाटायचं, आणि लगेच पेटीचा आवाज कानात यायचा.

रविवारी सकाळी कुणाल शाळेतला वजनकाटा घेऊन आला. सगळं सामान भरून पेटी एकोणीस किलोला गेली, बॅग चौदाला. मनालीनं बॅग ठेवायची म्हणून सांगून टाकलं. सगळ्यांना वाटलं, झालं एकदाचं. पण कुणाल पेटी उचलायला लागला तशी जानूनं ती धरून ठेवली. संध्याकाळपर्यंत राहू दे म्हणाला. कशासाठी, ते त्याला स्वतःलाही सांगता आलं नसतं. अखेर शेवंतानंच, ओरखड्याचे काय ते पैसे देऊ म्हणत, पेटी कुणालच्या स्कूटरवर नेऊन ठेवली.

बॅग भरायला मात्र त्यानं कुणाला हात लावू दिला नाही. हेल्मेटच्या पोटात मोजे आणि टॉवेल गच्च कोंबले. बॅट दोन पॅडच्या मध्ये ठेवून पॅडचेच पट्टे आवळले, टोकांना शेवंताची जुनी रजई फाडून गुंडाळली. कपडे चारी बाजूंनी दाबून बसवले. मग चेन लावून बॅग उचलली, कानाशी नेऊन जोरात हलवली. आत काहीच वाजलं नाही. पुन्हा हलवली. मनाली म्हणाली, बाबा, पुरे, आता तुम्हीच फोडाल. तो हसला, पण बॅग लगेच खाली ठेवली नाही.

विमानतळावर तो तिला सोडायला गेला. काचेच्या दारापाशी शिपायानं अडवलं. आत एका पट्ट्यावर बॅगा ठेवत होते. मनाली संघाच्या गर्दीत थोडा वेळ दिसेनाशी झाली, मग तिनं निळी बॅग पट्ट्यावर ठेवली, ती सरकत पडद्याआड गेली. पडद्यामागं कोण उभं असेल, त्याची शिफ्ट कितीची असेल, याचा विचार करत तो दारात इतका वेळ थांबला, की शिपायानं त्याला दोनदा बाजूला व्हायला सांगितलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. जानूनं पहिल्यांदा बॅटचंच विचारलं.

"बॅट एकदम छान आहे," मनाली म्हणाली. "बॅगेचा एक पट्टा तुटलाय फक्त. नीरजाच्या पेटीचं चाक गेलं, पण तिचंही आतलं सगळं नीट आहे."

"तिची पेटी हाय ना? मंग वजन कसं चाललं?"

"तिनं कपडे माझ्या बॅगेत टाकले होते. एअरपोर्टवर. तुम्ही भरलेलं थोडं काढून हातात घ्यावं लागलं."

जानूनं फोन दुसऱ्या कानाला लावला. मग काय काढलं, रजई की टॉवेल, हे विचारायचं त्याच्या ओठांवर आलं. म्हणजे बॅट वाचली ती त्याच्या बांधणीनं, की नीरजाच्या कपड्यांनी, की पडद्यामागच्या कुणा माणसाला त्या दिवशी घाई नव्हती म्हणून?

"सामना झाला का?" शेवंतानं मागून विचारलं, म्हणून त्यानंही तेच विचारलं.

"झाला. मी दुसऱ्याच चेंडूवर आउट झाले." थोडं थांबून ती म्हणाली, "पण तीन झेल घेतले. ते कुणी विचारतच नाहीये."

जानूला एकदम हसू आलं आणि डोळेही भरून आले.  तीन झेल, तो शेवंताला म्हणाला, आणि फोन तिच्या हातात दिला.