कंसातलं वजा एक

मुरब्यात, किनाऱ्यावरच्या कोळ्यांच्या गावात, पोर बोलायला लागलं की आधी बाबा-आई म्हणतं आणि मग तिथी. भाविकाचं तसंच झालं. आईला तिथी लागायची चतुर्थी-एकादशीसाठी, बाबांना लागायची भरतीसाठी. पाच-सहा वर्षांची असताना बाबा, म्हणजे कमलाकांत, जाळं शिवता शिवता विचारायचे, "आज तित कोनती?"

"अष्टमी."

"मंग भरती कवा?"

तिथीची पाऊणपट करायची, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब. आठाची पाऊणपट सहा. सहाला भरती. पंचमीला पावणेचार. दर तिथीला पाऊण तास पुढे. त्यात चूक केली तर बाबा रागवत नसत, फक्त म्हणत, "ज्जा, बसली तुझी बोट चिखलात." कारण खाडीचं तोंड भरतीलाच उघडं. वेळ चुकली की बोट गाळात रुतते आणि सगळा गाव बघतो.

म्हणूनच दहावीत, जुलै महिन्यात, विश्राम सरांनी फळ्यावर अंकगणिती श्रेढीचं सूत्र लिहिलं तेव्हा भाविकाला सगळ्यांत आधी बोट दिसली.

विश्राम सर मूळचे हिंदीचे शिक्षक. पालघरहून स्कूटरवर यायचे. आवाज इतका गोड की त्यांनी कविता म्हणायला घेतली की शेजारचा वर्गसुद्धा गप्प व्हायचा. गणिताच्या बाई बदलून गेल्या, जागा रिकामी राहिली, आणि हेडबाईंनी गणित सरांच्या गळ्यात घातलं. सर गाईड समोर धरून फळा भरायचे. कुणी शंका विचारली की म्हणायचे, "पुढे कळेल."

त्या दिवशी त्यांनी लिहिलं, पहिलं पद अधिक n गुणिले फरक. सुलू म्हणाली, "सर, पुस्तकात कंसात n वजा एक आहे."

"छपाईची चूक आहे ती. खोडा."

आणि बेचाळीस मुलांनी पेन्सिलीने नव्हे, पेनाने खोडलं. भाविकाने मात्र वहीच्या मागच्या पानावर प्रतिपदेचा पाऊण तास मांडला, पाऊण तासाचा फरक घेतला आणि सरांच्या सूत्राने अष्टमी काढली. उत्तर आलं पावणेसात. बसली बोट चिखलात.

वर्गात ती बोलली नाही. मोठ्या माणसाला चारचौघांत खाली बघायला लावू नये, हे तिला घरी शिकवलेलं. शाळा सुटल्यावर ती स्कूटरजवळ गेली आणि भरतीचा हिशेब दाखवला. सरांनी हिशेबाच्या ओळींवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "पोरी, मला गणित येत नाही गं. दहावीत मीच जेमतेम सुटलोय."

एवढा मोठा माणूस असं बोलला आणि भाविकाचा जीव कळवळला. "सर, मी रात्री पुढचा धडा आधीच सोडवते. तुम्हाला वही देऊ?"

तेव्हापासून रोज सकाळी प्रार्थनेच्या आधी, सायकलच्या शेडमागे, वही तिच्या हातातून सरांच्या पिशवीत जाऊ लागली. दुसऱ्या दिवशी सरांनी वर्गाला सांगितलं की पुस्तकातलं वजा एक बरोबर आहे, परत लिहा. पोरांनी कुरकुरत खोडलेल्याच्या डोक्यावर परत लिहिलं.

भाविकाला गणित हवं होतं. पालघरला तंत्रनिकेतनात जाऊन यंत्रांचा डिप्लोमा करायचा, बोटींची इंजिनं खोलायला शिकायचं, हे तिचं ठरलेलं होतं. गावातलं इंजिन बिघडलं की बोईसरहून मिस्त्री येईपर्यंत दोन-दोन दिवस बोटी उभ्या राहतात, हे ती लहानपणापासून बघत आली होती. पण भूमितीत ती स्वतःच अडायची. तिथे वही कोरी राहायची आणि वर्गाचा फळाही कोरा राहायचा. तिलाही कुणीतरी शिकवायला हवंच होतं.

नारळी पौर्णिमेला सर मुद्दाम गावात आले. भाविकाच्या आईने, जमनाने, त्यांना नारळीभात वाढला. संध्याकाळी सगळे किनाऱ्यावर गेले. बाबांनी सोनेरी कागद लावलेला नारळ कपाळाला लावून दर्याला दिला. दुसरा नारळ घरच्या पूजेचा, भाविकाच्या हातात होता. सर हळूच तिच्याजवळ आले आणि त्या नारळावर हात ठेवून म्हणाले, "आपलं हे तुझ्यामाझ्यात राहू दे. डिसेंबरात शाळेची तपासणी आहे. तेव्हा मी स्वतः सांगेन, मला हा विषय जमत नाही, मुलांना गणिताचा माणूस द्या. शब्द."

"मी पण कोणाला नाय सांगणार," भाविका म्हणाली. बोलताना शाळेची भाषा सुटून घरची आली, इतकं ते मनापासून होतं. नारळाला हात लावून बोललेलं मुरब्यात कुणी मोडत नाही.

दिवाळी गेली. थंडी पडली, बोंबलांची आवक वाढली. तपासणीच्या आदल्या दिवशी आईबरोबर ती अंधार पडेपर्यंत वलांडीवर, म्हणजे त्या बांबूंच्या उंच मांडवावर, जोडीजोडीने बोंबील अडकवत होती. घरी येऊन उजळणीचं उदाहरण सोडवलं ते झोपेतच. मुलाचं वय x, वडिलांचं तिपटीहून चारने कमी, दोघांची बेरीज छप्पन्न. x आला पंधरा. आणि शेवटच्या ओळीत तिने लिहिलं: वडील पंधरा, मुलगा एक्केचाळीस.

दुसऱ्या दिवशी तपासणीच्या बाई मागच्या बाकावर बसल्या, शेजारी हेडबाई. सरांनी स्वच्छ अक्षरात उदाहरण फळ्यावर उतरवलं. शेवटच्या ओळीला आधी सुजीत हसला, मग अख्खा वर्ग.

"सर," बाई म्हणाल्या, "पंधरा वर्षांच्या बापाला एक्केचाळीस वर्षांचा मुलगा?"

ती ओळ भाविकाच्या वहीतली. चूक तिची. ती उठणारच होती. त्याआधी सर हसले, तेच कवितेचं गोड हसू.

"मुद्दामच, बाई. 'चूक ओळखा' हा माझा उपक्रम आहे. हे भाविकाचं उत्तर. ही मुलगी घरून असलं काहीबाही सोडवून आणते आणि वर्गात पसरवते. स्वतःला फार हुशार समजते. म्हटलं, एकदा सगळ्यांसमोर दाखवावंच."

"वा," हेडबाई म्हणाल्या.

वर्ग परत हसला. या वेळी तिच्याकडे बघून.

जाताना तपासणीच्या बाईंनी वर्गातच विचारलं, "शिक्षक कमी आहेत म्हणून कळलं. उमरोळीकडच्या शाळेतले गणिताचे सर आठवड्यातून तीन दिवस पाठवता येतील. मागणी करताय?"

भाविकाने मान वर केली. हाच तो क्षण होता. नारळी पौर्णिमेपासून ती याचीच वाट बघत होती. सरांची आणि तिची नजर क्षणभर भेटली.

"गरज नाही, बाई," सर म्हणाले. "छान चाललंय आमचं."

मधल्या सुट्टीत शेजारी बसणारी रूपल डबा उघडत म्हणाली, "काय गं, बापाला पाळण्यात घातलंस होय?" भाविका हसली नाही म्हटल्यावर तिने गुपचूप आपली चटणी-भाकरी पुढे सरकवली. भाविकाने आपला डबा उघडलाच नाही. सर गणितात कच्चे होते, याचं तिला कधीच काही वाटलं नव्हतं. पण ती त्यांची लाज पाच महिने पदराखाली झाकून बसली होती, आणि त्यांनी तोच पदर सगळ्यांदेखत फेडला.

घरी आई तुळशीपाशी दिवा लावत होती. भाविकाने काय कबूल केलंय ते सांगितलं नाही, एवढंच विचारलं, "आये, दोघांनी मिळून शबूद दिला आनि एकाने मोडला, तर दुसऱ्याचा सुटतो काय?"

जमनाने वात सारखी केली. पोरीच्या चेहऱ्याकडे बघून तिने ओळखलं असावं, पण खोदून विचारलं नाही. "मी उपास करते तो शेजारनीनं मोडला म्हनून माझा मोडतो काय? आपला आपल्यापाशी. पन उपास हाय म्हनून कोनी माझ्या ताटातलं रोज उचलून न्यावं, असं काय देवानं सांगितलेलं नाय."

रात्रभर भाविकाच्या मनात एक वाईट गोष्ट घोळत राहिली. वहीत सगळीच उत्तरं चुकीची लिहून द्यायची. रोज बसू दे बोट. पण त्या बोटीत रूपल होती, सुलू होती, तो हसणारा सुजीतसुद्धा होता. पहाटे तिने धडा सोडवला. बरोबर सोडवला, दोनदा ताळा केला.

शेडमागे सर उभे होते. काल काही घडलंच नाही अशा आवाजात म्हणाले, "आण बाळा."

भाविकाने वही छातीशी धरली. "वर्गात मागा सर. वर्गात देईन."

"अगं, कालचं मनावर घेतलंस होय? वेळ मारून न्यावी लागते कधीकधी. मोठी झालीस की कळेल."

"मी कोणाला काही सांगितलं नाही सर. सांगणारही नाही. पण वही वर्गात."

तासाला सर आले. गाईडमध्ये त्या प्रकरणाची पानं अर्धवट होती, हे दोघांनाच ठाऊक. त्यांनी फळ्यावर तारीख लिहिली, धड्याचं नाव लिहिलं, खडू थांबला. भाविकाची वही बाकाच्या कडेला, सगळ्यांना दिसेल अशी, उघडी ठेवलेली होती. हात पुढे केला असता तर मिळाली असती.

"आज उजळणी करा," सर म्हणाले.

दुसऱ्या दिवशीही उजळणी झाली. तिसऱ्या दिवशी सुजीतच ओरडला, "सर, उजळणीची पन उजळणी झाली!" वर्ग हसला, सर हसले नाहीत. खडू खाली ठेवून ते बाहेर गेले. खिडकीतून भाविकाला दिसलं, पाण्याचा नळ मागे टाकून ते ऑफिसच्या पायऱ्या चढत होते. आत काय बोलले, ते तिला कधी कळलं नाही.

पुढच्या आठवड्यात उमरोळीकडचे सर आले. वयस्क, तुटक बोलणारे. भूमितीतली जी रचना तिला महिनाभर अडली होती, ती त्यांनी एका दोरीने आणि दोन खडूंनी दहा मिनिटांत समजावली. मग एका मुलाचं पुस्तक उचलून ते चक्रावले. "हे वजा एक सगळ्यांनी खोडलंय, सगळ्यांनी परत लिहिलंय. काय भानगड?"

"विश्राम सरांनी खोडायला सांगितलं," सुजीत म्हणाला, "आनि विश्राम सरांनीच परत लिवायला सांगितलं."

"बरं झालं, त्यांच्या वेळेवर लक्षात आलं."

भाविकाने आपलं पुस्तक मिटलं. तिचं पुस्तक कोरं होतं. तिने खोडलंच नव्हतं.

पुढचा तास हिंदीचा. विश्राम सर आले, पुस्तक न उघडता कविता म्हणू लागले. आवाज तसाच, शेजारचा वर्ग गप्प करणारा. पूर्वी या तासाला ती हनुवटी तळहातावर टेकून त्यांच्या तोंडाकडे बघत बसायची. आज तिने वही उघडली, तारीख लिहिली आणि कविता संपेपर्यंत मान वर केली नाही.