शंभर मीटरच्या आत

"आबा, ती न्हाई. ती पांढरी-निळी हाय. आधी पांढरी-हिरवी घ्या," स्नेहल म्हणाली.

हौसरावांनी चष्मा कपाळावर सरकवला, पुन्हा नाकावर आणला आणि वायर उजेडाकडे धरली. आत आठ बारीक तारा, त्यातल्या चार पांढऱ्या, आणि प्रत्येक पांढरीवर केसाएवढी रंगाची रेघ. वीज मंडळात चौतीस वर्षं लाइनमन म्हणून काढलेल्या माणसाला हा पोरखेळ वाटायला हवा होता. पण मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊनही त्या रेघा काही दिसत नव्हत्या. म्हणून सातवीतली नात रंग सांगत होती आणि आजोबा तारा ओळीनं लावत होते.

मांडवगण फराट्यात त्यांच्या लेकानं, दत्तानं, रस्त्याकडेला बंगला बांधला होता. मागे ट्रॅक्टरची पत्र्याची शेड आणि शेडच्या पलीकडे सिमेंटच्या दोन खोल्या. बायको साखरबाई गेल्यापासून त्या खोल्यांत हौसराव एकटेच राहत. नेट बंगल्यात होतं. खोल्यांत फोनला रेंजच नव्हती, म्हणून रोज सातच्या सुमाराला ते बंगल्यावर जात. दौंडला दिलेल्या लेकीचा, गीताचा, व्हिडिओ कॉल तिथेच घेत, मग जेवत, मग जुन्या कुस्त्या बघत नऊपर्यंत हॉलमध्ये बसत. फोनचा आवाज जरा मोठाच असे. कानाचं ऑपरेशन काही झालं नव्हतं.

एके दिवशी दत्ताच म्हणाला, "आबा, ह्या वयात सारख्या येरझाऱ्या कशाला? तुमच्या घरी बी नेट देऊ की."

आणि त्यानं शिरूरहून दोन पांढऱ्या डब्या आणल्या. एक बंगल्यात, एक खोलीत, दोन्ही मिळून एकच वाय-फाय. पण मधल्या पत्र्यानं सगळी रेंज गिळली. दुकानाचा माणूस म्हणाला, दोन डब्यांच्या मध्ये वायर टाका. वायर तो छपरावरूनच ओढणार होता.

"लोंबती वायर? माझ्या दारात?" हौसराव म्हणाले. "तुमी राहू द्या. मी बघतो."

लेकाला आपल्यासाठी सुचलं, या आनंदात त्यांनी तीन दिवसांत सव्वाशे फूट चर खणला. विजेच्या केबलपासून हातभर लांब ठेवला, पाइप टाकला, पाइपाच्या तोंडाला पाणी शिरू नये म्हणून बाक दिला. बघणारे बघून जात होते. दत्ताही एकदा येऊन "लई भारी, आबा" म्हणाला आणि चिखल लागू नये म्हणून लांबूनच परत गेला.

तारा बसल्या. हौसरावांनी पकड दाबली, टोक डबीत खुपसलं. लाल दिवा. स्नेहलनं तारांचे रंग पुन्हा वाचले, दोन उलट्या निघाल्या. ते टोक कापून टाकलं, नवीन बसवलं. या वेळी दिवा हिरवा झाला आणि पोरीनं टाळ्या वाजवल्या. हौसरावांना आयुष्यात इतकं कौतुक कुठल्या ट्रान्सफॉर्मरनं मिळवून दिलं नव्हतं.

संध्याकाळी खोलीतच गीताशी बोलणं झालं. चित्र एकदाही अडकलं नाही. मग सवयीनं ते उठले आणि बंगल्यावर गेले.

सून सुलक्षणा दारातच उभी होती. "काय झालं आबा? नेट चालंना का?"

"चालतंय की. एक लंबर."

"मग?"

वाईट बोलली नाही ती. कपाळाला आठीसुद्धा नव्हती. हौसरावांनी मनातल्या मनात कारणं चाळली. जेवायला आलो म्हणावं, तर जेवणाला अजून तासभर होता. बसायला आलो म्हणावं, तर आपल्याच लेकाच्या घरी बसायला आलो असं कोणी सांगतं का?

"हिकडची डबी गरम होती का बघायला आलतो," ते म्हणाले. आत जाऊन त्यांनी डबीला हात लावला, "बरी हाय" म्हणाले आणि परतले.

दुसऱ्या दिवशी जेवणाचा डबा घेऊन स्नेहल आली. "आईनं सांगितलंय, आबांना कशाला चालाया लावायचं." आठवडाभर ती येत राहिली. मग तिची परीक्षा आली. डबा शेडच्या कट्ट्यावर यायला लागला आणि फोनवर मेसेज, "आबा डबा ठेवलाय". हौसराव त्याखाली अंगठ्याचं चित्र पाठवत. दत्ता एक दिवसाआड व्हिडिओ कॉल करी. सव्वाशे फुटांवरून बाप जेवला का विचारी. त्याच्या मागे हॉलमधली हसणारी माणसं अगदी स्वच्छ दिसत. काम इतकं चोख झालं होतं की तक्रारीला जागाच नव्हती.

हौसराव काही भोळे नव्हते. लोकांच्या मीटरमधली चोरी ते नुसत्या चाकाच्या फिरण्यावरून ओळखत. स्वतःच्या घरातली ओळखायला त्यांना पंधरा दिवस लागले. येरझाऱ्या बापाच्या वाचवायच्याच नव्हत्या. बाप हॉलमधून उठवायचा होता, आणि तो उठला तेही स्वतः चर खणून. त्यांना संताप आला, आणि संतापापेक्षा लाज जास्त वाटली. एका दुपारी ते पकड घेऊन डबीपाशी गेलेही. टोक उपटलं, वायर नादुरुस्त झाली म्हटलं, की सात वाजता बंगल्यावर जायला कारण होतं. पण चालू लाइन उगाच तोडायला हात उचलेना. पकड खिशात घालून ते बाहेर आले.

महिन्यानं सुलक्षणाचा भाऊ संपत त्यांना न्यायला मोटरसायकलवर आला. सुलक्षणाचं माहेर भीमेच्या पलीकडे, राहू गावात.

"मामा, ताई सांगत व्हती, तुमी लई झ्याक काम केलंय. आमच्याकडं बी तसंच करून द्या. आमची आई मागच्या घरात असती. रोज सांजच्याला ताईचा फोन घ्यायला बंगल्यावर येती आन् मग बसूनच राहती. आमच्या हिला जरा अडचण व्हती."

सगळं तसंच्या तसं. हौसरावांना वाटलं, नको म्हणावं. पण जावयाच्या बापानं व्याह्याच्या घरचं काम नाकारायचं कसं? ते मागे बसले.

राहूच्या बंगल्यामागे गोठा होता आणि गोठ्यामागे पत्र्याचं जुनं घर. ओसरीवर विहीणबाई, कस्तुराबाई, घेवडा निवडत बसल्या होत्या. हौसरावांना बघून त्यांनी पदर सावरला. चेहरा नुसता फुलला होता.

"या पाव्हणं! संपा म्हणला, आता हितंच, माझ्या घरात सुलक्षणा दिसंल. खरं का? पोरानं माझ्यासाठी एवढं मनावर घेतलं बघा!"

महिन्यापूर्वी चर खणताना आपलंही तोंड असंच दिसत असणार, एवढंच हौसरावांच्या मनात आलं. या बाईला काय सांगायचं? तुमची लेक आणि तुमचा लेक मिळून तुम्हाला उठवताहेत, म्हणून? ते सांगायची त्यांची छाती झाली नाही. त्यांनी बंगल्याच्या भिंतीपासून ओसरीपर्यंत पावलं टाकली. खांबाखांबांमधलं अंतर मोजत हयात गेली होती, त्यांचं पाऊल इंचानं चुकत नसे. बासष्ट मीटर भरलं. मधली जमीन मऊ होती. दोन दिवसांचं काम.

"व्हायचं न्हाई," ते म्हणाले.

"म्हंजी?" संपत म्हणाला.

"ही वायर शंभर मीटरपत्तुर चालती. हितं सव्वाशे भरतंय."

"सव्वाशे? एवढं वाटत न्हाई, मामा."

"तू मोजलं का मी मोजलं?"

कस्तुराबाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"एवढ्या लांबनं आलात आन् न्हाई म्हणता? सुलक्षणेच्या घरी तर केलंत."

"तितं अंतर कमी हाय, विहीणबाई."

"तितं तुमचं सवताचं घर हाय, म्हणून जमलं," कस्तुराबाई म्हणाल्या आणि सूप उचलून आत गेल्या. चहाचं कोणी विचारलं नाही.

संपतनं मोटरसायकल काढता काढता नरमाईनं म्हटलं, "ऱ्हाऊ द्या, मामा. वय झालं तुमचं. मी शिरूरच्या दुकानाचा माणूस बघतो. पुढच्या म्हैन्यात."

"बघ की," हौसराव म्हणाले. एक महिना तर एक महिना.

सात वाजत आले होते. कस्तुराबाई फोन हातात धरून घराबाहेर पडल्या. हौसरावांकडे न बघता, गोठ्याला वळसा घालून, गुडघ्यावर हात टेकत टेकत त्या बंगल्यापर्यंत गेल्या. पायरीवर चपला काढल्या आणि आत शिरल्या. लगेच फोन वाजला. त्यांच्याही फोनचा आवाज मोठाच होता, खिडकीशी उभ्या हौसरावांनाही सुलक्षणाचं बोलणं ऐकू आलं.

"आई, आबांनी बसवलं का गं?"

"कशाचं बसवत्यात! त्यास्नी त्यातलं काय येत न्हाई. तुझ्याकडं कसं काय चाललं, देव जाणे."

चौतीस वर्षांत हौसरावांना असं कोणी म्हटलं नव्हतं. आत संपतच्या बायकोनं टीव्ही बंद केला, खुर्ची सरकवली, आणि कस्तुराबाईंचं बोलणं रंगात आलं. संपत गाडीला किक मारायला लागला, तसा हौसरावांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"थांब जरा," ते म्हणाले. "त्यांचं होऊ दे."