कावळ्याला कबूल केलेला पाइप

दहाव्याला कावळा शिवेना. भाट्याच्या खाडीकाठी पिंड ठेवून बराच वेळ झाला होता. कावळे माडावर होते, भुकेलेही दिसत होते, पण एकही खाली उतरत नव्हता.

सर्वेशला लेप्टोने नेलं. जन्मात कधी चिखलात न उतरलेला माणूस एकदाच हौसेने लावणीला उतरला आणि तापाने गेला. मागे आई बकुळाकाकी आणि बायको योगिनी.

मग रीतीप्रमाणे आश्वासनं सुरू झाली. "आईला आम्ही बघू," भावकीने सांगितलं. कावळा हलला नाही. "योगिनीला काय कमी पडू देणार नाय." तरी नाही. शेवटी सर्वेशचे सख्खे चुलते आप्पा पुढे झाले आणि शेताच्या मेरेचा, म्हणजे सामाईक बांधाचा, दावा मागे घेतो म्हणाले. दावा दोन्ही घरांत फार जुना. कावळ्यांना ते खरं वाटलं नाही. आप्पांना बरंच हायसं वाटलं.

भटजी दर्भाचा कावळा करायला बसले, तेव्हा चिराग पुढे आला. हा सर्वेशचा मित्र. मिरजोळ्याला एमआयडीसीत त्याचं फॅब्रिकेशनचं दुकान. एका जुन्या जीपमध्ये मुंबईच्या भंगारातलं पेट्रोल इंजिन बसवून त्यावर एकच मोठा टर्बो चढवायचा, असा दोघांचा उद्योग चालला होता. धूर बाहेर नेणाऱ्या एक्झॉस्टच्या पाइपावरून भांडण झालं आणि ते मिटायच्या आत सर्वेश गेला.

चिरागने हात जोडले. "बरं बाबा. वेस्टगेटचा पाइप वेगळा काढतो. मेन पाइपात जोडणार नाय."

कावळे उतरले. एक शिवला असता तरी चाललं असतं, सगळेच उतरले.

मंत्र पुरा करून भटजींनी हळूच विचारलं, "वेस्टगेट म्हणजे काय रे?"

"टर्बो इंजिनात जास्त हवा कोंबतो, नि फिरतो एक्झॉस्टच्या जोरावर. जोर हाताबाहेर गेला तर इंजिन फुटतं. म्हणून टर्बोच्या आधी एक झडप ठेवायची, जास्तीचा वायू बाजूने जायला."

"जास्तीचं पाणी जायला मेरेला तोंड ठेवतात, तसं."

मेरेचा विषय निघाल्यावर आप्पा लांब जाऊन उभे राहिले.

भांडण एवढंच होतं. चिरागचं म्हणणं, झडपेतून सुटलेला वायू पुढे नेऊन मेन पाइपात परत सोडावा, म्हणजे सायलेन्सरमधून सभ्यपणे जाईल. सर्वेशचं म्हणणं, बोनेटखालून आखूड पाइप काढून थेट बाहेर सोडावा. "गाडी बोंबलली पाहिजे!"

मेलेल्या गिऱ्हाइकाशी घासाघीस करता येत नाही. चिरागने काम मन लावून केलं. इंजिनाचे चारही पाइप जिथे एकत्र येतात, तिथे वेस्टगेटची फांदी तिरपी काढली. काटकोनात काढली असती तर वायू वळलाच नसता, सरळ टर्बोकडे धावला असता.

पहिल्या चाचणीला बकुळाकाकी पुढच्या सीटवर येऊन बसली. पोराची गाडी, तिला उतर म्हणणार कोण? भाट्याच्या चढणीला चिरागने पाय दाबला. दाबाचा काटा चढला, झडप उघडली आणि पाइप ओरडला.

असे पाइप किंचाळतात, हे चिरागने मोबाइलवर पुष्कळ ऐकलं होतं. हा किंचाळला नाही. आवाज घशातून यावा तसा आला, लांब, मध्ये थोडा फाटलेला. "योऽऽगे!" सर्वेश फाटकातून चहासाठी योगिनीला अशीच हाक मारायचा.

चिरागचा पाय आपोआप सुटला. काकी म्हणाली, "परत चढव."

मग रोज संध्याकाळी तेच. सर्वेशचं घर चढणीच्या मध्यावर, काजूंच्या आड. भाकऱ्या थापत असलेल्या योगिनीला हाक स्वयंपाकघरात ऐकू यायची. तिला दापोलीच्या कृषी विद्यापीठात प्रयोगशाळेत नोकरी लागली होती. हजर व्हायचा दिवस जवळ आला होता.

"जा की," काकी म्हणायची. "मी कुठं अडवलंय? नवरा हाका मारतोय नि बायको चालली दापोलीला. लोक काय म्हणायचं ते म्हणतील."

योगिनी दुकानावर आली. "भावजी, त्याचं तोंड बंद करा."

"वहिनी, झडप बंद केली तर इंजिन जाईल."

"झडप राहू दे. आवाज बंद करा."

"मग मेनमध्ये जोडावा लागेल. आणि ते तर मी कबूल केलंय."

"कोणाला?"

"कावळ्याला."

योगिनी हसली नाही. "नेमकं काय कबूल केलंत? शब्द सांगा."

त्याने सांगितले.

"मग नका जोडू. वेगळाच ठेवून गाडीच्या मागपर्यंत न्या, त्याला वेगळा सायलेन्सर लावा. पुढेच संपवीन, असं कुठं म्हणालात?"

मेरेचा दावा चालू असलेल्या घरात नांदल्यावर माणसाला हे येतंच. चिरागने दोन पाइप शेजारी शेजारी मागे नेले, भाऊबंदांच्या घरांसारखे, कुठेही एकमेकांना न टेकणारे.

त्या संध्याकाळी खात्री करायला योगिनी स्वतः मागे बसली. काकी पुढे. चढण आली. काटा चढला आणि जिथे थांबायला हवा तिथे थांबला.

"उघडलं?" काकीने विचारलं.

"उघडलं, काकी."

इंजिनाची घरघर तेवढी होती. चिरागने सुटकेचा निःश्वास टाकला.

"ओ," योगिनी म्हणाली.

तिन्हीसांजेला तीन हाका झाल्याशिवाय ओ देऊ नये, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. इथे तर चिराग नि काकी दोघांनी एकही हाक ऐकली नव्हती. चिरागने आरशात पाहिलं. योगिनी काजूंकडे बघत होती, दाराला कान लावावा तशी मान वाकडी करून.

काकीने मागे वळून पाहिलं नाही. "काय म्हणाला?"

योगिनीने मान सरळ केली. "जा म्हणाला."

"तोच?"

"तोच."

"मग जा," काकी म्हणाली. "जिता होता तवा त्याचं एक ऐकलं नायस."

योगिनी सकाळच्या एसटीने दापोलीला गेली. बाईने थाप बरोबर मारली, असं चिरागला वाटलं असतं. पण गाडीतून उतरताना ती त्याच्या कानाशी बोलली होती, "भावजी, पाइप कुठं फुटलाय का बघा हो."

त्याने बघितलं. गाडीखाली शिरून प्रत्येक जोडाला साबणाचं पाणी लावलं, आतून हवा मारली. कुठे बुडबुडा नाही.

संध्याकाळी तो जीप घेऊन येतो तर बकुळाकाकी आधीच घराच्या फाटकात उभी. आज ती पुढे बसली नाही. मागे, योगिनीच्या जागी बसली आणि पदर कानामागे सारला.

"चल. माझ्यासाठी काय निरोप हाय, बघू."

चिरागने गाडी चढणीला घातली. काटा चढला, थांबला. झडप उघडली. इंजिनाची घरघर तेवढी. त्याने गाडी वळवून खाली आणली, पुन्हा चढवली.

"काय?" मागून काकी म्हणाली.

चिराग काहीच बोलला नव्हता.

"काय रे?" ती काजूंकडे तोंड करून म्हणाली, जरा मोठ्याने.